वर पाहणारी माणसे

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटात भारतातले म्हणून एक दृश्य आहे. ठिकाण उत्तर भारतातील धरमशाला असल्याचे पडद्यावर सांगितले जाते. उघड्यावर दाटीने जमलेली हजारो माणसे पाच सुरांची एकच ओळ पुनःपुन्हा गात आहेत. परदेशी शास्त्रज्ञांचे पथक ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन तेथे पोचते. हे सूर आले कोठून, असे त्या जमावाला विचारले जाते, आणि उत्तरादाखल हजारो हात एकाच झटक्यात वर जातात. हजारो बोटे आकाशाकडे रोखली जातात. एवढेच दृश्य. चित्रपट पाहून वीस वर्षे झालेल्या माणसालाही दुसरे काही आठवले नाही तरी हे हात आठवतात.

ते ठिकाण धरमशाला नव्हे. ते आहे हाळ; खोपोलीजवळचे, खालापूर तालुक्यातले, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातले एक खेडे. १९७७ च्या फेब्रुवारीत स्पीलबर्ग आपले पथक घेऊन तेथे उतरले होते. सोबत फ्रान्स्वा त्रुफो होते. फ्रेंच सिनेमाच्या नव्या लाटेचा हा अध्वर्यू या चित्रपटात लाकोम्ब नावाच्या शास्त्रज्ञाची भूमिका करतो आहे. ज्यांच्या चित्रपटांवर आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांत मध्यरात्रीपर्यंत वाद झडत, ते त्रुफो मुंबई-पुण्याच्या वाटेवरील एका गावात, मराठी माणसांच्या गर्दीत प्रत्यक्ष उभे होते, ही गोष्ट आम्हां दोघांना फार उशिरा कळली. कळल्यावर आम्ही ते दृश्य पुन्हा लावले आणि प्रथमच त्रुफोंकडे न पाहता मागच्या माणसांकडे पाहिले. फार वेळ पाहू देत नाही तो कॅमेरा. चेहरा ओळखीचा वाटू लागतो न लागतो तोच तो पुढे सरकतो.

फेब्रुवारी १९७७ हा महिना गर्दीच्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे. १८ जानेवारीला निवडणुका जाहीर झाल्या होत्या, मार्चमध्ये मतदान व्हायचे होते, आणि दीड-पावणेदोन वर्षे मुकाट असलेला देश मैदाने भरून टाकत होता. कोणाच्या सभेला किती माणसे, यावर वर्तमानपत्रांचे रकाने चालले होते. त्याच महिन्यात हाळच्या मंडळींना उन्हात बसवून गाणे म्हणायला आणि हात वर करायला सांगितले गेले. हाताच्या चिन्हाच्या राजकारणाला अजून एक वर्ष अवकाश होता. नाहीतर कोणा समीक्षकाने त्यातही रूपक शोधले असते. असो.

मुद्दा असा की, या दृश्यात आकाशात काहीही दाखवलेले नाही. चित्रपटाच्या शेवटी प्रचंड यान उतरते, प्रकाशाचे लोट येतात, त्यांचे श्रेय डग्लस ट्रंबुल यांना योग्य तेवढे मिळालेले आहे. भारतातले चित्रण डग्लस स्लोकम या छायालेखकाने केले. श्रेयनामावलीत त्यांचेही नाव स्वतंत्रपणे आहे. पाच सुरांची ओळ जॉन विल्यम्स यांची, हे तर सर्वश्रुत आहे. पुढे लाकोम्ब त्या सुरांना हातांच्या खुणा जोडून दाखवतो, त्या खुणांनाही झोल्तान कोडाय या संगीततज्ज्ञाचे नाव लागलेले आहे. एका हाताच्या खुणेला नाव आहे, हजारो हातांना नाही. आणि तरीही विश्वास बसतो तो त्या हजारो हातांमुळे. परग्रहावरून कोणी तरी आले होते, याचा त्या ठिकाणी दुसरा पुरावाच नाही. रिकाम्या आकाशाकडे बोट दाखवून प्रेक्षकाला ते भरलेले आहे असे वाटायला लावणे, हे त्या गर्दीने केलेले काम आहे. त्याला अभिनय म्हणायचे नसेल तर दुसरा शब्द सुचवावा.

शब्दाचीच अडचण आहे. आपल्याकडे त्यांना पूर्वी सरळ 'एक्स्ट्रा' म्हणत, म्हणजे जास्तीचे. पुढे 'ज्युनिअर आर्टिस्ट' असे म्हणू लागले. त्यांच्या संघटनाही झाल्या. पण सत्तरीतला माणूस ज्युनिअर कसा, याचे उत्तर शब्दात मिळत नाही. मराठीने स्वतःचा शब्द घडवलाच नाही. नाटकाच्या संहितेत 'भालदार, चोपदार, नागरिक इत्यादी' असे लिहिले की काम भागत असे. त्या 'इत्यादी'मध्ये किती पिढ्या उभ्या राहिल्या, देव जाणे. अपवाद पोवाड्याचा. शाहिराने ओळ टाकायची आणि मागच्यांनी तिचे शेपूट उचलून उंच न्यायचे, त्यांना 'झीलकरी' हा नेमका, देखणा शब्द आहे. झीलकऱ्याशिवाय पोवाडा उभा राहत नाही हे प्रत्येक शाहिराला ठाऊक असते. मात्र शेवटच्या कडव्यात नाममुद्रा येते ती शाहिराची. हाळची माणसे आम्हांला झीलकरी वाटतात. सूर दुसऱ्याचा, आभाळ दुसऱ्याचे, झील त्यांची.

आम्ही दोघे भंडारा जिल्ह्यात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक भंडाऱ्याची, दुसरा पवनी तालुक्यातला. हा मुलूख झाडीपट्टीचा, म्हणजे नाटकवेड्यांचा. दिवाळी उलटली की गावोगाव मंडई आणि शंकरपट, आणि त्यांच्या निमित्ताने रात्रभर नाटक. वडशाच्या नाट्यमंडळांची रंगीत पत्रके येथे पानठेल्यापासून बसथांब्यापर्यंत चिकटलेली असतात आणि त्यांवर नटांची नावे छायाचित्रांसह, बिरुदांसह, कधीकधी नटाच्या उंचीपेक्षा मोठ्या अक्षरांत असतात. झाडीपट्टीला नावांचे वावडे नाही. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांनी ती आपल्या घरी आल्यासारखी साजरी केली. पण याच रंगभूमीवर एक माणूस असतो, ज्याच्यावाचून नाटक दोन मिनिटे चालणार नाही, आणि तो म्हणजे प्रॉम्प्टर. तालमींना वेळ कमी, प्रयोग मात्र लागोपाठ. संहिता हातात धरून रात्रभर वाक्ये पुरवणारा हा माणूस सर्वांची भूमिका करतो आणि कोणाच्याच भूमिकेत नसतो. पत्रकावर त्याचे नाव शोधून पाहावे. झाडीबोलीचे संशोधक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या दंडारीचा ध्यास घेऊन अभ्यास केला, ती दंडार तर याहून जुनी. तिच्यात कोणी रचले आणि कोणी वाढवले हे विचारण्याची सोयच नाही. हे सर्व आम्ही वर्गात शिकवत होतो. 'सामूहिक निर्मिती' हा शब्द फळ्यावर लिहीत होतो. गर्दीत उभे राहिल्याशिवाय तो शब्द केवढा गुळगुळीत आहे हे कळत नाही, हे मात्र आम्हांला एका डिसेंबरात कळले.

गोसीखुर्दच्या जलाशयाच्या काठावर त्या हिवाळ्यात एक लघुपट चित्रित होत होता. लघुपटाचे आणि तो करणाऱ्यांचे नाव येथे मुद्दाम देत नाही. मुले तरुण होती, मुंबईहून आली होती, सौजन्याने वागत होती. कथा विज्ञानकथा होती. पुढच्या शतकात कधी तरी जग पाण्याखाली जाते, उरलेली थोडी माणसे एका उंचवट्यावर जगत असतात आणि एके दिवशी आकाशात एक यान दिसते. त्यांना ओसाड गाव हवे होते. आमच्या जिल्ह्यात ते शोधण्यास कष्ट पडत नाहीत.

गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. वैनगंगेवरचे हे धरण, तेहतीस दरवाजांचे, ३७२ कोटींच्या मूळ अंदाजाने निघालेले आणि पुढे कित्येक हजार कोटींत गेलेले, पुढे राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झालेले. त्याच्या पाण्यात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावे गेली. 'बुडीत क्षेत्र' हा महसुली शब्द आमच्याकडे मराठी चौथीतल्या मुलालाही कळतो. चित्रीकरणासाठी निवडलेले गाव अर्धे पाण्यात होते आणि अर्धे काठावर. लोक नव्या वसाहतीत गेले तेव्हा त्यांनी कवेलू उतरवून नेले, दारे नेली, चौकटी नेल्या, आड्याची लाकडे नेली. मागे मातीच्या भिंती राहिल्या, त्याही पावसागणिक बुटक्या होत चाललेल्या. दिग्दर्शकाने गाव पाहून आनंदाने टाळी वाजवली. त्याच्या जागी असतो तर आम्हीही वाजवली असती. जगाच्या अंताचा इतका चोख देखावा कोणी कलादिग्दर्शक उभारू शकला नसता.

माणसे मात्र हवी होती. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर शेजारच्याच गावात चालू असल्याने पंचवीसेक मुले-मुली मिळाली, त्यांच्यासोबत आम्ही दोघे मिळालो, आणि उरलेली तीसेक माणसे नव्या वसाहतीतून आली. म्हणजे त्याच गावची. जगबुडीनंतर उरलेल्या माणसांची कामे करण्यासाठी, ज्यांचे गाव बुडाले होते अशीच माणसे तीनशे रुपये रोजावर बोलावली गेली, आणि हा योगायोग त्या तरुण पथकातल्या कोणाच्या ध्यानातही आला नाही. त्यांच्या संहितेत ही घटना पुढच्या शतकात घडायची होती. जमलेल्यांपैकी अनेकांना तिची तारीख पाठ होती.

सकाळी आलूपोहे झाले. मग कपडे मळवण्यात आले. राख आणि कोळसा आणलेला होता. वसाहतीतून आलेल्या बाया घरच्या धुवट लुगड्यांत आल्या होत्या. शूटिंग आहे म्हणून पेटीतले नेसून आल्या होत्या. त्यांवर राख टाकायची म्हणताच एकीने पदर आवळून धरला. तिला मागच्या रांगेत उभे केले गेले, ज्यायोगे लुगडेही वाचले आणि दृश्यही.

सूचना सोपी होती. कॅमेऱ्याकडे पाहायचे नाही, वर पाहायचे. कोठे पाहायचे ते कळावे म्हणून एका उंच बांबूच्या टोकाला लाल फडके बांधून एक मुलगा लांबवर उभा होता. ते फडके म्हणजे यान. फडके सरकेल तसे डोळे सरकले पाहिजेत, आधी भीती, मग विस्मय, मग थोडी आशा. आमची मुले झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेली. हजारोंच्या गर्दीतल्या शेवटच्या माणसाला दिसले पाहिजे ही त्यांची अभिनयाची कल्पना. भीती म्हटल्याबरोबर दोघे मागे कोलमडले, एकीने किंकाळी फोडली. दिग्दर्शक म्हणाला, कमी करा, अजून कमी करा, काहीच करू नका, फक्त पाहा. 'फक्त पाहा' हे किती अवघड आहे! पंचावन्न माणसे एका फडक्याकडे पाहत होती आणि प्रत्येक जण वेगळे काही पाहत होता. आमच्यापैकी एकीला फडक्याच्या मागे घिरट्या घालणारी घार दिसत होती आणि सबंध दिवसात तिची नजर त्या घारीवरून हलली नाही. दुसरा कॉलेजातल्या रखडलेल्या अहवालाचा विचार करत होता. पुढे पडद्यावर त्याचा चेहरा सर्वांत चिंताग्रस्त दिसल्याबद्दल त्याचे कौतुक झाले.

पुढच्या रांगेत एक म्हातारी होती. सत्तरीच्या आसपासची, बारीक, काटक. ती वर पाहीना. पाहायची, पण डोळे खाली पाण्याकडे यायचे. तीन वेळा दृश्य थांबवावे लागले. साहाय्यक दिग्दर्शिका, बिचारी, अगदी नम्रपणे तिच्याजवळ आली, हिंदी-मराठीत मिळून तिला समजावू लागली की, आजी, संकट वरून येत आहे. म्हातारीने तिला पूर्ण बोलू दिले आणि मग म्हणाली, "वरते काहाले पाहाचा जी? पानी त खालतून आला होता."

सगळे हसले. वसाहतीतली माणसे अधिकच मोठ्याने हसली. मुंबईच्या मुलीला भाषा नीट कळली नसावी, तीही हसली. म्हातारी हसली नाही. तिने मग बांबूकडे पाहिले आणि दृश्य पार पडले.

ते वाक्य आम्ही त्या दिवसापासून वाहत आहोत. धरणाचे पाणी पुरासारखे येत नाही. ते गर्जत येत नाही, वरून कोसळत नाही. नाल्यातून, शेताच्या धुऱ्यावरून, विहिरीच्या तळातून वर चढत येते. आज बांध ओला, उद्या उंबरा. विज्ञानकथेला संकट आकाशातून आणायची सवय आहे, कारण आकाश कोणाच्या मालकीचे नाही आणि तेथून येणाऱ्याचा कोणाला जाब विचारावा लागत नाही. खालून चढणाऱ्या पाण्याला मात्र पायाभरणीची तारीख असते, अंदाजपत्रक असते, दरवाजे असतात. त्या लघुपटाच्या कथेतला सर्वांत मोठा दोष एका वाक्यात दाखवणारी समीक्षक तेथे तीनशे रुपये रोजावर उभी होती. लेखकाला ते वाक्य संहितेत घेता आले असते. कदाचित त्यानेच लघुपट तरला असता.

संध्याकाळी पैसे वाटले गेले तेव्हा एक गंमत झाली. व्हाउचर होते. प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव, रक्कम, सही किंवा अंगठा. म्हणजे नावे होती. पंचावन्नच्या पंचावन्न नावे शुद्धलेखनासह त्या पथकापाशी होती आणि हिशेबनीसाच्या फायलीत ती आजही असतील. पुढे लघुपट पूर्ण झाला, त्याच्या शेवटी नावे सरकू लागली. ड्रोन उडवणाऱ्याचे नाव, जेवण पुरवणाऱ्याचे, ज्याच्या गाडीने पथक नागपूरहून आले त्या गाडीवाल्याचेही नाव होते, आणि ते असलेच पाहिजे. मग 'स्थानिक ग्रामस्थांचे आभार'. कोणत्या गावचे ग्रामस्थ, तेही नाही. धरणग्रस्तांना हा प्रकार नवा नाही. भूसंपादनाच्या निवाड्यात खातेदाराचे नाव गट क्रमांकासह असते आणि जलाशयाला लागते ते इंदिरा सागर हे नाव. ज्याच्याजवळ जमीन नव्हती त्याचे तर निवाड्यातही नाव नाही. जेथे पैसा मोजायचा असतो तेथे माणसाला नाव असते, जेथे गोष्ट सांगायची असते तेथे ते 'ग्रामस्थ' होतात.

यावर आम्हां दोघांत पुष्कळ वाद झाला, अजून मिटलेला नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, नावाचा हा आग्रह छापखान्यानंतरचा आहे. जात्यावर बसून ओवी म्हणणाऱ्या बाईला आपले नाव लागावे असे कधी वाटले? निनावीपणात एक मोकळेपण असते, ते गमावून आपण काय मिळवतो? जयंत नारळीकरांचेच उदाहरण घ्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरे उलटी केलेली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतलेली. पहिले बक्षीस मिळाले. आधुनिक मराठी विज्ञानकथेला ज्या कथेने बळ दिले तिचा लेखक आधी निनावी होता, यात केवढे सौंदर्य आहे!

दुसरीचे उत्तर असे की, नारळीकरांनी नाव लपवले, कारण ते होते. आणि ओवीबद्दल म्हणाल तर ती निनावी आहे कोठे? ओवीत भावाचे नाव येते, गावाचे येते, शेजारणीचे येते. म्हणणारीचे नाव ऐकणारीला ठाऊकच असे. निनावी झाली ती आपल्या पुस्तकात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या तेव्हा गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले. आज त्या 'पारी'च्या संग्रहात ऐकता येतात, गाणारीच्या नावासह. म्हणजे नोंदवणाऱ्याने मनावर घेतले तर होते. आणि आपण मराठीचे अध्यापक असून म्हाइंभटाला कसे विसरतो? मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ज्याने सिद्ध केला त्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस वणवण हिंडून, कोणती लीळा कोणी पाहिली, कोणी ऐकली हे विचारून विचारून नोंदले. बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा... एरवी इतिहासाने 'भक्तगण' म्हणून एका शब्दात गुंडाळले असते अशा स्त्रिया 'लीळाचरित्रा'त नावानिशी बोलतात, भांडतात, प्रश्न विचारतात. मूळ पोथी धाडीत गेल्यावर ती आठवणीतून पुन्हा उभी केली गेली, तर त्या पाठांनाही हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशी सांगणाऱ्यांची नावे राहिली. श्रेयनामावली आपल्या भाषेला परकी नाही. आपले गद्यच श्रेयनामावलीने सुरू झाले आहे.

पहिल्याने यावर मौन पाळले. पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तो सत्यजित राय यांना घेऊन आला. राय यांनी १९६७ च्या सुमारास 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली होती. बंगालमधल्या एका खेड्याच्या तळ्यात यान उतरते, अशी. कोलंबिया कंपनीशी बोलणी झाली, पीटर सेलर्स यांचे नाव ठरत होते. अमेरिकेत पोचल्यावर राय यांना आढळले की, पटकथेच्या प्रतींवर हक्कदार म्हणून त्यांच्या बरोबरीने माइक विल्सन या मध्यस्थाचेही नाव छापले आहे. चित्रपट झाला नाही. १९८२ मध्ये 'ई.टी.' आला तेव्हा, आपल्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरत नसत्या तर तो शक्य झाला नसता, असे राय म्हणाले. स्पीलबर्ग यांनी ते नाकारले. "पाहा," आमचे सहकारी म्हणाले, "राय यांच्यासारख्यालाही श्रेय मिळत नाही, मग त्या म्हातारीचे काय घेऊन बसलात?" दुसरी म्हणाली, "राय यांचे श्रेय गेले हे आपल्याला कळते तरी. हाळमध्ये कोणाचे गेले ते सांगा." चहा निवला. तासाची घंटा झाली.

लघुपट आम्ही महाविद्यालयाच्या सभागृहात दाखवला. पथकाने प्रत पाठवली होती, तेवढे अगत्य त्यांनी राखले. वसाहतीतल्या मंडळींना निरोप दिला होता. दहा-बारा जण एस. टी.ने आले, त्यांत ती म्हातारीही होती. एकंदर अठरा मिनिटांचा लघुपट. पंचावन्न माणसांचे दृश्य त्यात मोजून चार सेकंद होते. लाल फडक्याच्या जागी संगणकाने घडवलेले राखाडी यान तरंगत होते, बऱ्यापैकी चांगले होते. मुलांनी स्वतःला शोधून आरडाओरडा केला. म्हातारी दिसली, वर पाहत होती, डोळ्यांत जे काही होते त्याला समीक्षेच्या परिभाषेत आम्ही विस्मय म्हटले असते. तिने स्वतःकडे पाहिलेच नाही. यानाकडेही पाहिले नाही. ती माणसांच्या मागच्या भिंतींकडे पाहत होती. "थो माहा ओटा," ती म्हणाली, आणि तोवर दृश्य गेले.

आम्ही चित्र मागे घेऊन थांबवले. मग ती उठून पडद्याजवळ गेली. पदर सावरून, बोट लावून, उजवीकडून सुरू करून तिने एकेक भिंत सांगितली: हे कोणाचे, ते कोणाचे, येथे कोणती सून बाळंत झाली, हा गोठा कोणत्या वर्षी पडला, ह्या दोन घरांच्या मधून पाटलाच्या विहिरीला वाट होती. बरोबरचे लोक दुरुस्त करत होते, भर घालत होते. एका घराच्या धन्याच्या नावावरून दोन म्हाताऱ्यांत जुंपली. चार सेकंदांचे चित्र पाऊण तास चालले. आमच्यापैकी एकीने ती सगळी नावे वहीत उतरवली आहेत. त्या माणसांना विचारल्यावाचून ती येथे छापणे आम्हांला उचित वाटत नाही. विचारण्याचे काम चालू आहे आणि बरेच जण आता त्या वसाहतीतही राहत नाहीत.

शेवटी म्हातारी पडद्याच्या डाव्या कडेपाशी आली आणि थांबली. "चित्र थोडा इकडे सरकवा जी," ती म्हणाली, "ह्या अंगाले अजून तीन घरं होते."